पहिल्या गोळीआधीचं रक्त : मलेरियाचा औषधरोध प्रयोगशाळेत कसा तपासावा

घोडबंदर रोडवरच्या बांधकाम छावणीतला किंवा तुर्भ्याच्या नाक्यावरचा एखादा मजूर तीन दिवस मलेरियाच्या गोळ्या घेतो आणि पुन्हा तापाने फणफणत येतो. केसपेपरवर 'रेझिस्टंट?' असं लिहिलं जातं. त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते, पण पहिल्या गोळीआधी घेतलेलं रक्त तिच्या हाताशी हवं. एक स्लाइड, वाळवलेल्या रक्ताचे तीन-चार ठिपके आणि जमलं तर एक ट्यूब. हे नसेल तर पुढे कितीही महागडी यंत्रं लावली तरी उत्तर अंदाजाचंच राहतं. म्हणून या लेखात नमुन्यावर बरीच जागा खर्च केली आहे आणि यंत्रांवर त्या मानाने कमी.

आधी 'रेझिस्टंट' नसलेले बाजूला काढा

गोळ्या घेऊनही ताप असणाऱ्या बहुतेक रुग्णांत दोष परजीवीचा नसतो. सुरुवातीलाच पुढचे प्रश्न विचारून घ्या.

डोस वजनाप्रमाणे होता का? व्हायवॅक्स आणि फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवींच्या दोन जाती. व्हायवॅक्ससाठी क्लोरोक्विन किलोमागे एकूण २५ मिलिग्रॅम, तीन दिवसांत १०, १० आणि ५ असं. फॅल्सिपॅरमसाठी आपल्याकडे आर्टेसुनेट किलोमागे रोज ४ मिलिग्रॅम तीन दिवस, आणि पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली असेल तर तो डोस धरायचाच नाही. 'बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर गेलो' हे उत्तर नेहमीचं आहे, तेव्हा रिकामी स्ट्रिप बघायला मागा.

रॅपिड किट पुन्हा पॉझिटिव्ह आलं म्हणून रुग्ण पाठवला असेल, तर ते किट बाजूला ठेवा. फॅल्सिपॅरमची पट्टी ज्या एचआरपी-२ प्रथिनावर चालते, ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. औषध लागू पडलं की नाही हे ठरवायला स्लाइडच लागते. स्लाइडवर नुसते केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट (परजीवीचं डासात जाणारं लैंगिक रूप) दिसत असतील तर तेही अपयश नव्हे. पक्व गॅमेटोसाइट या गोळ्यांना दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असतं.

व्हायवॅक्सचा रुग्ण दोन महिन्यांनी परत आला तर पहिला संशय यकृतात झोपलेल्या हिप्नोझोइटवर घ्यायचा आणि १४ दिवसांचं प्रायमाक्विन पुरं झालं होतं का ते विचारायचं. व्हायवॅक्स २८ दिवसांच्या आत परतला, तर त्याच दिवशीच्या रक्तात क्लोरोक्विन आणि शरीरात त्याचं होणारं डीसइथाइल रूप मिळून किती आहे ते मोजता येतं. पूर्ण रक्तात मिलिलिटरमागे १०० नॅनोग्रॅमच्या वर औषध असूनही परजीवी वाढत असेल, तर मग तो नव्याने आलेला असो वा यकृतातून उठलेला, क्लोरोक्विनला जुमानत नाही असंच म्हणावं लागतं. मुंबईतून असे व्हायवॅक्सचे रुग्ण १९९५ साली नोंदले गेले आहेत, त्यामुळे ही शक्यता आपल्या भागात नुसती पुस्तकी नाही.

शून्याव्या दिवसाचा, म्हणजे पहिल्या गोळीआधीचा नमुना

स्लाइड : एकाच काचेवर जाड आणि पातळ दोन्ही स्मिअर (रक्ताचे थर) घ्या. जाडसाठी ६ मायक्रोलिटर रक्त १२ मिलिमीटरच्या गोलात पसरवा, पातळसाठी २ मायक्रोलिटर पुरतं. पातळ स्मिअर मिथेनॉलमध्ये फिक्स करायचा, जाडला मिथेनॉलचा थेंबही लागू द्यायचा नाही. लागला तर लाल पेशी फुटत नाहीत आणि खालचं काही दिसत नाही. गिम्सा रंग ३ टक्के, ४५ ते ६० मिनिटं, बफरचा पीएच ७.२. घाई असेल तर १० टक्के, ८ ते १० मिनिटं. मोजणीच्या स्लाइडसाठी मात्र ३ टक्केवालाच वापरावा, रंग समान बसतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. जाड स्मिअर तासन्‌तास ओला राहतो, कोणीतरी तो लवकर वाळावा म्हणून बल्बखाली किंवा ऑटोक्लेव्हवर ठेवतं, आणि उष्णतेने तो आपोआप फिक्स होतो. साध्या पंख्याखाली आडवा ठेवा, वर जाळी टाका. माश्या आणि मुंग्या रक्त चाटून नेतात. दुसरी गोष्ट मिथेनॉलची. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं. मग पातळ स्मिअरमध्ये लाल पेशींवर चमकदार, कडा असलेले ठिपके येतात. फोकस वर-खाली केला की ते लुकलुकतात. परजीवी तसा लुकलुकत नाही. नवशिक्या डोळ्याला मात्र ती रिंगच (परजीवीचं कोवळं, अंगठीसारखं रूप) वाटते. जूनपासून मिथेनॉल लहान बाटल्यांत, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

वाळवलेले ठिपके : फिल्टर पेपरवर प्रत्येकी ५० मायक्रोलिटरचे निदान तीन-चार. कार्डावर क्रमांक पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. कोरड्या हवेत चार तास पुरतात. जुलैत ठाण्यात रात्रभर ठेवा, उन्हात किंवा ड्रायरखाली नको. रक्त काळपट तपकिरी झाल्यावर एका झिपच्या पिशवीत एकच कार्ड, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिकाची पुडी. पुडीचा रंग बदलला की पुडी बदला. ओलसर कार्डावर बुरशी येते आणि डीएनए तुकडे तुकडे होतो. हे सहा महिन्यांनी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तपासणं) लावल्यावर कळतं, तेव्हा हात चोळत बसावं लागतं.

ट्यूब : जिवंत परजीवींवर चाचणी करायची असेल तर ३ ते ५ मिली शिरेतलं रक्त एसीडी (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये. फक्त पीसीआरसाठी ईडीटीए चालतं. हेपॅरिनची ट्यूब पीसीआरसाठी घेऊ नका, हेपॅरिन पीसीआरमधल्या पॉलिमरेझ एन्झाइमला अडवतं. वाहतूक ४ अंशांना, पण ट्यूब आणि बर्फ यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा थर हवा. ट्यूब थेट बर्फाला टेकली की रक्त फुटतं. रक्त काढल्यापासून २४ तासांच्या आत चाचणी लागली पाहिजे. ऐरोलीच्या पुलावरची आणि घोडबंदरची संध्याकाळची कोंडी धरून सकाळीच नमुना निघेल असं बघा.

फॉर्मवर एक प्रश्न ठळक अक्षरांत हवा : मागच्या दोन आठवड्यांत कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली? नुसतं 'मलेरियाची औषधं?' असं विचारू नका. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, को-ट्रायमॉक्साझोल ही तापावर सर्रास दिली जाणारी औषधंही परजीवीवर काम करतात आणि चाचणीत घोळ घालतात.

मोजणी आणि तिसरा दिवस

जाड स्मिअरमध्ये २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत दिसलेले अलैंगिक परजीवी मोजा. ते शंभरापेक्षा कमी भरले तर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा. गणित : परजीवी × ८००० ÷ मोजलेल्या पांढऱ्या पेशी. समजा २०० पेशींत ३१२ परजीवी, म्हणजे मायक्रोलिटरला १२,४८०. तिसऱ्या दिवशी ५०० पेशींत ९, म्हणजे १४४. निगेटिव्ह म्हणण्याआधी निदान १०० फील्ड बघा. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, आकड्यांत २५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्याने.

८००० हा गृहीत धरलेला आकडा आहे. पावसाळ्यात मलेरियासोबत डेंग्यू असलेला रुग्ण आला आणि त्याच्या पांढऱ्या पेशी ३००० असतील, तर वरचे १२,४८० प्रत्यक्षात ४,६८० निघतात. सीबीसी (रक्तपेशींची प्रत्यक्ष मोजणी) हाती असेल तर खरा आकडाच वापरा. शून्याव्या दिवशी ८००० आणि तिसऱ्या दिवशी सीबीसीचा आकडा, अशी सरमिसळ मात्र करू नका. परजीवी कमी झाले की आकडा बदलला, ते कळणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत परिणामकारकता तपासताना ०, १, २, ३, ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी स्लाइड घेतात. दुसऱ्या दिवशी परजीवी शून्याव्या दिवसापेक्षा जास्त, किंवा तिसऱ्या दिवशी सुरुवातीच्या २५ टक्के किंवा अधिक (आपल्या उदाहरणात ३,१२०), किंवा तिसऱ्या दिवशी परजीवी आणि सोबत ३७.५ अंश वा अधिक ताप, यातलं काहीही दिसलं तर ते लवकरचं अपयश. आर्टेमिसिनिनवर (आर्टेसुनेट याच गटातलं) तिसऱ्या दिवशीही थोडे परजीवी दिसणं ही एका रुग्णापुरती नुसती खूण आहे. दहा टक्के किंवा त्याहून जास्त रुग्णांत तसं दिसलं, तर त्या भागात आंशिक रोधाचा संशय धरतात. औषध बदलायचा विचार होतो तो एकूण अपयश दहा टक्क्यांवर गेल्यावर.

फॅल्सिपॅरम चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी परतला तर तो जुनाच की नवा डास चावून आलेला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. शून्याव्या आणि परतलेल्या दिवसाच्या ठिपक्यांतून एमएसपी-१, एमएसपी-२ सारख्या जनुकांचे पट्टे शेजारी लावून बघावे लागतात. शून्यावा ठिपका नसेल तर हा रस्ता बंद.

जिवंत परजीवींवरची चाचणी

फॅल्सिपॅरम १९७६ पासून प्रयोगशाळेत वाढवता येतो. व्हायवॅक्स अजून सलग वाढत नाही, कारण त्याला कोवळ्या लाल पेशी (रेटिक्युलोसाइट) लागतात. त्याच्यासाठी रुग्णाच्या ताज्या रक्तातल्या रिंग औषधासह आणि औषधाविना शायझोंट (अनेक केंद्रकं झालेलं पक्व रूप) होईपर्यंत वाढवून मोजायच्या, एवढंच करता येतं.

एक लिटर माध्यमासाठी : आरपीएमआय १६४० १०.४ ग्रॅम, हेपीस ५.९४ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट सुमारे २ ग्रॅम, अल्ब्युमॅक्स ५ ग्रॅम, हायपोझँथिन ५० मिलिग्रॅम, जेंटामायसिन. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ४ अंशांना. रक्तपेढीतलं ओ पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी काढलेलं रक्त तीनदा धुऊन घ्या. रक्त जुनं झालं की वाढ मंदावते. वाढ अचानक बसली तर माध्यमाआधी रक्ताची पिशवी बदलून बघा. दाता सिकलसेलचा वाहक असेल तर कमी ऑक्सिजनवर परजीवी नीट वाढत नाहीत. वायू ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, उरलेला नायट्रोजन. सिलिंडर नसेल तर मेणबत्तीचा जार आजही चालतो : डेसिकेटरमध्ये मेणबत्ती पेटवायची, झाकण सरकवायचं, ती विझायच्या बेताला झडप बंद. महावितरणची देखभालीसाठी वीज बंद ठेवायची सूचना बघूनच प्लेट लावा; ७२ तासांची चाचणी मध्येच गार पडली की आकड्याला अर्थ उरत नाही.

क्लोरोक्विनसारख्या औषधासाठी ९६ खणांची प्लेट आणि सायबर ग्रीन (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. औषध १००० नॅनोमोलरपासून निम्मं-निम्मं करत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरी तीन खणांत. प्रत्येक खणात दुप्पट तीव्रतेचं औषध ५० मायक्रोलिटर, वर ४ टक्के हिमॅटोक्रिट (मिश्रणातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि ०.५ ते १ टक्के रिंग असलेलं मिश्रण ५० मायक्रोलिटर. खणात हिमॅटोक्रिट २ टक्के होतो. काठाचे खण वाळतात, त्यांत फक्त निर्जंतुक पाणी भरा. एक रांग औषधाविना, एक रांग परजीवीविना. ७२ तासांनी प्लेट गोठवा, वितळवा, १०० मायक्रोलिटर लायसिस बफर रंगासह घाला, तासभर अंधारात ठेवून ४८५ आणि ५३० नॅनोमीटरवर वाचा.

या चाचणीत तीन चुका वारंवार होतात. हा रंग कोणत्याही डीएनएला चिकटतो, त्यामुळे रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सेल्युलोजच्या स्तंभातून गाळून काढल्या नाहीत तर रिकाम्या खणांतही उजेड दिसतो. माध्यम आम्लधर्मी झालं (लालसर रंगाचं पिवळं होतं) की क्लोरोक्विन परजीवीच्या पोटात कमी साठतं आणि संवेदनशील परजीवीही रोधी भासतो. आणि पायरिमेथामाइन साध्या आरपीएमआयमध्ये तपासू नये : त्यात फोलिक आम्ल आणि पॅराअमिनोबेन्झोइक आम्ल दोन्ही असतात, परजीवी ती वापरून औषधाला बगल देतो. त्यासाठी फोलेट कमी केलेलं माध्यम लागतं. प्रत्येक प्लेटवर संवेदनशील ३डी७ आणि क्लोरोक्विनरोधी डीडी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींच्या दोन्ही लाइन चालवा. निम्मी वाढ थांबवायला शंभर नॅनोमोलर ही क्लोरोक्विनची नेहमी सांगितली जाणारी सीमा असली, तरी त्याच दिवशी त्याच प्लेटवर ३डी७ कुठे बसला हे बघितल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

आर्टेमिसिनिनला ही प्लेट उपयोगाची नाही. रोध फक्त कोवळ्या रिंगमध्ये, काही तासांपुरता असतो; ७२ तास औषध ठेवलं तर रोधी आणि संवेदनशील दोघंही सारखेच मरतात. त्यासाठी रिंग जगण्याची चाचणी.

औषध डायहायड्रोआर्टेमिसिनिन. २.८४ मिलिग्रॅम १० मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की १ मिलिमोलर. त्यातलं ७०० मायक्रोलिटर आणि ३०० मायक्रोलिटर डीएमएसओ मिळून ७०० मायक्रोमोलर. हे १ मायक्रोलिटर १ मिली खणात घातलं की ७०० नॅनोमोलर औषध आणि ०.१ टक्का डीएमएसओ. औषध लवकर विघटतं. छोट्या कुप्या करून उणे ८० अंशांना ठेवा, एकदा वितळवलेली कुपी परत गोठवू नका.

वाढवलेल्या लाइनमधले पक्व शायझोंट ७५ टक्के परकॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) वेगळे करा आणि धुऊन ताज्या लाल पेशींत तीन तास सोडा. मग ५ टक्के सॉर्बिटॉलमध्ये ३७ अंशांना १० मिनिटं ठेवून उरलेले शायझोंट मारा. आता हाती फक्त ० ते ३ तासांच्या रिंग आहेत. हिमॅटोक्रिट २ टक्के, परजीवी ०.५ ते १ टक्का. एका खणात औषध, दुसऱ्यात नुसता डीएमएसओ. बरोबर सहा तासांनी दोन्ही भरपूर साध्या आरपीएमआयने धुवा (औषध नसलेला खणही धुवायचा) आणि नव्या माध्यमात ६६ तास ठेवा. रुग्णाच्या ताज्या रक्तात बहुधा रिंगच असतात, तिथे शायझोंट वेगळे करायची पायरी गाळतात. परजीवी एक टक्क्याहून जास्त असतील तर निरोगी पेशी घालून विरळ करा.

मग पातळ स्मिअर, आणि दोघांनी प्रत्येकी १०,००० लाल पेशी मोजायच्या. या मोजणीत किती कमी फरकाने निकाल फिरतो बघा. औषध नसलेल्या खणात १०,००० पेशींत १८० परजीवी. औषधाच्या खणात १ जिवंत दिसला तर जगण्याचं प्रमाण ०.५६ टक्के, २ दिसले तर १.१ टक्के. सीमा १ टक्का आहे. म्हणजे आकसलेला, गडद गोळी झालेला, सायटोप्लाझम नसलेला एक मेलेला परजीवी जिवंत धरला की रिपोर्ट उलटला. निळसर सायटोप्लाझम आणि नेटका लाल क्रोमॅटिन असलेलाच मोजा. औषध नसलेल्या खणात ७२ तासांनी परजीवी सुरुवातीपेक्षा वाढलेले नसतील तर ती चाचणी रद्द. त्यातून टक्केवारी काढू नका. नियंत्रणासाठी ३डी७ आणि के१३ जनुकात आर५३९टी बदल असलेली कंबोडियातली एखादी लाइन सोबत लावा.

जनुकांची खूण

बहुतेक स्थानिक प्रयोगशाळांना झेपेल असा भाग हाच, आणि त्याला फक्त तो वाळलेला ठिपका लागतो. तीन मिलिमीटरचे तीन-चार तुकडे पंच करून डीएनए काढा; दोन नमुन्यांच्या मध्ये पंच कोऱ्या कागदावर दोन-तीनदा मारा. फॅल्सिपॅरमच्या जनुकसंचात ए आणि टी मिळून सुमारे ८० टक्के आहेत, म्हणून पीसीआरमधली वाढीची पायरी ७२ऐवजी ६० ते ६५ अंशांना ठेवली की पट्टा सुधारतो.

क्लोरोक्विनसाठी पीएफसीआरटी जनुकातला ७६वा कोडॉन (एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं) बघायचा. नेस्टेड (दोन फेऱ्यांच्या) पीसीआरच्या तुकड्यावर एपीओ-वन एन्झाइम टाका. मूळ के७६ (७६व्या जागी लायसिन, म्हणजे के) असेल तर तुकडा कापला जातो, त्याचा टी (थ्रिओनिन) झाला असेल तर अखंड राहतो. इथे मेख अशी की एन्झाइम बिघडलं तरी तुकडा अखंडच राहतो आणि सगळे रुग्ण 'रोधी' निघतात. म्हणून ३डी७चा नमुना प्रत्येक जेलवर कापला गेलेला दिसलाच पाहिजे. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइनसाठी डीएचएफआर जनुकाचे ५१, ५९, १०८, १६४ आणि डीएचपीएस जनुकाचे ४३७, ५४० हे कोडॉन. ईशान्य भारतात हे बदल साचत गेले आणि २०१३ मध्ये तिथलं औषध बदलून आर्टेमेथर-लुमेफँट्रिन करावं लागलं. आपल्या बांधकामांवरचे मजूर देशभरातून येतात, त्यामुळे फॉर्मवर 'मागच्या महिन्यात कुठे होता?' हा रकाना रिकामा ठेवू नका.

आर्टेमिसिनिनसाठी के१३ जनुकाचा प्रोपेलर भाग दोन्ही दिशांनी सिक्वेन्स करा. सी५८०वाय म्हणजे टीजीटीचा टीएटी. आर५३९टी, वाय४९३एच, आर५६१एच हेही मान्य झालेले. सॉफ्टवेअरने दिलेल्या अक्षरांवर न थांबता आलेख डोळ्यांनी बघा. एकाच जागी दोन शिखरं म्हणजे रुग्णात दोन प्रकारचे परजीवी, ते तसंच नोंदवा. आणि सगळेच नमुने हुबेहूब ३डी७ निघाले तर खूश होण्याआधी नियंत्रणाचा डीएनए सगळीकडे सांडला नाही ना ते तपासा. मिश्रण बनवायची खोली आणि जेल चालवायची खोली वेगळी नसेल तर नेस्टेड पीसीआर करूच नये.

रिपोर्टवर काय लिहायचं

'ड्रग रेझिस्टंट मलेरिया' अशी एक ओळ लिहू नका. तिसऱ्या दिवशीची मोजणी, रिंग जगण्याचं प्रमाण आणि जनुकातला बदल ही तीन वेगवेगळी निरीक्षणं आहेत, ती तीन ओळींत जावीत. के७६टी सापडला म्हणून समोरच्या रुग्णाचा उपचार आपोआप बदलत नाही. फॅल्सिपॅरमला आपण क्लोरोक्विन देतच नाही. रिंग जगण्याची चाचणी तर निकाल देईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो. रुग्णाचा उपचार तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या स्लाइडवर ठरतो, आणि त्या स्लाइडचा फोन डॉक्टरांना त्याच दिवशी गेला पाहिजे. बाकीचं महापालिकेच्या हिवताप विभागाकडे क्रमांकासह.

सुईची टोचणी लागली तर लगेच नोंद करा, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या माणसाला ताप आला की आधी स्लाइड. सुया-लान्सेट पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, टाकायच्या स्लाइड निळ्या खोक्यात, कल्चरचं उरलेलं आधी ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत. शून्याव्या दिवसाच्या स्लाइड मात्र टाकायच्या नाहीत : तेल झायलीनने पुसून, कोरड्या डब्यात, क्रमांक वर दिसेल अशा उभ्या.